‘भूल अजून उतरली नाही’ असं घरात म्हणतात तेव्हा

पत्र

ताई, नमस्कार. नाव छापू नका. आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या मागे राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, घरात सासूबाई आणि आम्ही तिघं. मुलगा साडेचार वर्षांचा. वर्षभर सारखा घसा, ताप, रात्री घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं. शेवटी डिसेंबरच्या अखेरीला टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइडचं (नाकामागच्या गाठीचं) ऑपरेशन केलं. पाऊण तासात बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, छान झालं. घोरणं खरंच थांबलंय. पण ताई, आज तीन आठवडे झाले, पोरगं आमचं राहिलं नाही. बाहेर आणलं तेव्हा पंधरा-वीस मिनिटं नुसता किंचाळत होता, लाथा मारत होता, माझ्याकडं बघत होता पण मला ओळखत नव्हता. तेव्हापासून रात्री दोन-तीनदा दचकून उठतो. गादी ओली करणं वर्षापूर्वी सुटलं होतं, ते परत सुरू झालंय. मी संडासला गेले तरी दाराबाहेर उभा राहून रडतो. आजीला चापट मारतो, असं आधी कधी केलं नव्हतं. भाकरी बघितली की तोंड फिरवतो, दूध-भात तेवढा खातो. परवा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दारूकामाचे आवाज आले तर माझ्या पदरात तोंड खुपसून बसला. गेल्या वर्षी बाबांच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होता. सासूबाई म्हणतात, भूल अजून उतरली नाही, ती मेंदूत बसते. जाऊबाई म्हणतात, तू लाड केलेस. मिस्टर म्हणतात, पहिल्यापासून असाच आहे. आणि मला रोज वेगळं वाटतं. एक दिवस वाटतं सुधारला, दुसऱ्या दिवशी वाटतं बिघडला. खरं कसं ओळखायचं? भुलीनं मेंदूला काही झालं असेल का? गड्डा अजून चालू आहे, त्याला न्यावं की नको? आणि एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात नेताना ‘आइस्क्रीम खायला जाऊ’ असं सांगून नेलं होतं. ते मनाला खातंय.

उत्तर

ताई, आधी भुलीचं सांगते, कारण तुमची झोप त्यानंच उडवलीय. मी याच गावात २८ वर्षं भूल देण्याचं काम केलं. हा प्रश्न मला वॉर्डात, रस्त्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला गेलाय. मुलांना भुलीसाठी जो वायू हुंगायला देतात तो श्वासातून आत जातो आणि बहुतेक श्वासातूनच बाहेर पडतो. मूल डोळे उघडतं तेव्हाच त्यातला मोठा भाग निघून गेलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत थोडी सुस्ती राहू शकते. तीन आठवड्यांनी अंगात भूल शिल्लक नसते. सासूबाईंना हे माझ्या नावानं सांगा, पण त्यांना खोटं पाडायच्या सुरात सांगू नका. नातू बदललाय हे त्यांनी बरोबर पाहिलंय. कारण तेवढं वेगळं आहे.

मेंदूचं विचारलंत. या एका प्रश्नावर जगात खूप काम झालंय. त्यातलं मला सगळ्यात पटलेलं काम तान्ह्या बाळांवरचं आहे. सात देशांतली ७२२ बाळं, सगळ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन. चिठ्ठी टाकावी तसं ठरवून निम्म्यांना पूर्ण भूल दिली आणि निम्म्यांना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. भूल साधारण तासाभराच्या आतली. मग ही मुलं दोन वर्षांची झाल्यावर आणि पुन्हा पाच वर्षांची झाल्यावर तपासली. शेवटचा निकाल २०१९ साली आला. बुद्धीत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली जो इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांसाठी, आणि तोही तीन तासांपेक्षा लांबलेल्या किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलीबद्दल होता. तुमचा मुलगा साडेचारचा, भूल एकदाच आणि पाऊण तासाची. या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. वारंवार भूल घेतलेल्या मुलांच्या आईवडिलांनी वागण्याच्या तक्रारी जास्त सांगितल्या, असंही एका अभ्यासात दिसलंय, म्हणून हा विषय बंद झाला असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात जे चाललंय ते समजून घ्यायला मेंदूच्या इजेपर्यंत जायची गरज नाही.

आता त्या किंचाळण्याचं. तो प्रसंग तुमच्या डोळ्यांपुढून जात नाही, हे पत्रातूनच कळतं. मूल शुद्धीवर येतं तेव्हा अंग आधी जागं होतं आणि भान मागून येतं. मधल्या त्या फटीत ते हातपाय झाडतं, समोर आई असून तिच्या नजरेला नजर देत नाही, कशानंही समजूत पटत नाही. आम्ही त्याला इमर्जन्स डिलिरियम म्हणतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत, आणि सेव्होफ्लुरेन नावाचा वायू वापरला असेल तेव्हा, हे जास्त दिसतं. बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच येतं आणि आपोआप ओसरतं. ते मोजायचं मापही आहे, २००४ सालचं. पाच गोष्टी बघतात: मूल जवळच्या माणसाच्या डोळ्यांत बघतं का, हातापायांच्या हालचालींना काही हेतू दिसतो का, आजूबाजूचं भान आहे का, किती तळमळतंय, समजूत पटते का. प्रत्येकीला शून्य ते चार गुण, एकूण वीस. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. तुमच्या वर्णनावरून त्याला त्या वेळी चांगलेच गुण पडले असते. त्याला त्यातलं बहुधा काहीही आठवत नसेल. तुम्हाला मात्र सगळं आठवतंय, आणि ते कुणीतरी तुम्हाला त्याच दिवशी समजावून सांगायला हवं होतं.

मी स्वतः या बाबतीत नंतर शहाणी झाले. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत ऑपरेशन थिएटरच्या दारात मुलाला आईच्या कडेवरून ओढून घेणं ही रीतच होती. मीही कित्येक मुलं तशी घेतली, आणि आत जाऊन भूल नीट दिली की माझं काम झालं असं समजायचे. आत जाताना मूल जितकं घाबरलेलं, तितकी नंतरच्या दिवसांत रात्रीची रड, चिकटणं, चिडणं जास्त. हे १९५३ सालीच एका भूलतज्ज्ञानं लिहून ठेवलंय. आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. तुमच्या भागातल्या घरांत तेलुगू बोलतात म्हणून मी पुढं चार शब्द शिकून घेतले. ‘भयपडकु, अम्म इक्कडे उंदि’, म्हणजे घाबरू नको, आई इथंच आहे. शुद्धीवर येणाऱ्या पोराच्या कानावर घरची भाषा पडली की मूठ कशी सैल होते, ते मी हातात धरून अनुभवलंय.

म्हणजे तुमच्या मुलाचं वागणं अनोळखी नाही. १९६६ साली अमेरिकेत तिघांनी मिळून एक प्रश्नावली केली, दवाखान्यातून घरी आलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी. २७ प्रश्न. त्यांचे सहा गट पडतात: एकूण भित्रेपणा, आईपासून दूर होण्याची भीती, झोपेच्या तक्रारी, खाण्याच्या तक्रारी, मोठ्यांवरचा राग आणि हट्ट, आणि गप्प गप्प राहणं. तुमचं पत्र त्याच्याशेजारी ठेवून बघितलं तर पाच गटांत काही ना काही सापडतं. सहावा, गप्प राहण्याचा, तुम्ही लिहिलेला नाही, आणि तो नाही याचं मला बरं वाटलं. त्याच प्रश्नावलीनं १९९६ सालच्या एका अभ्यासात बघितलं तर ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी ५४ टक्के मुलांत काही ना काही वाईट बदल होता. सहा महिन्यांनी तो २० टक्क्यांत उरला, वर्षानं ७ टक्क्यांच्या आसपास. निम्म्याहून जास्त घरांत हेच चाललेलं असतं, फक्त कुणी बोलत नाही. आणि वर्षानंही काही मुलांत उरतं, म्हणून ‘होईल आपोआप’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: खरं कसं ओळखायचं. तुमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत आणि चौघांचाही आधार आठवण आहे. आठवण त्या दिवसाच्या मनासारखी बदलते. रात्री तीनदा उठावं लागलं की सकाळी सगळंच बिघडलेलं दिसतं, आणि एक दिवस त्यानं हसून डबा खाल्ला की तुम्ही सुटकेचा श्वास टाकता. म्हणून मोजायचं. तेही रोज नाही. रोज मोजलं तर पाहुणे आले, सर्दी झाली, रात्री पाणी भरायला उठलात, एवढ्यानंही आकडा हलतो आणि जीव टांगणीला लागतो. रविवारी रात्री तो झोपल्यावर एकदा.

वहीचं पहिलं पान ‘आधी’चं करा, आणि ते आजच लिहा, कारण दिवस जातील तसं तेच पहिलं पुसट होतं. आधी म्हणजे कधी, इथं लोक हमखास चुकतात. गेल्या वर्षीचा गड्डा हे ‘आधी’ नव्हे. तेव्हा तो साडेतीनचा होता. त्या वयातल्या पोराला जे कळत नाही ते साडेचारच्याला कळतं, आणि कळायला लागलं की काही भीती नव्यानं येतातच. ऑपरेशनच्या आदला आठवडाही ‘आधी’ नव्हे. तेव्हा घरात तुमचीच धावपळ होती आणि पोराला वास लागलेला असतो. ताप नसलेले, शाळा चालू असलेले, दिवाळीनंतरचे साधे दोन आठवडे डोळ्यांपुढं आणा. तेव्हा सातपैकी किती रात्री उठायचा? गादी आठवड्यात किती वेळा? शाळेच्या दारात किती वेळ रडायचा? जेवायला किती वेळ लागायचा? खरं ते लिहा. ‘कध्धीच नाही’ असं मनात आलं तर एकदा मिस्टरांना विचारून मगच लिहा. तुमच्याच पत्रात आहे की तो वर्षभर घोरत होता, तोंड उघडं टाकून झोपत होता. म्हणजे आधीची झोपही काही सुखाची नव्हती.

दुसऱ्या पानापासून दर रविवारी तेच प्रश्न. मूळ प्रश्नावलीची रीत साधी आहे. प्रत्येक गोष्ट ‘आधीपेक्षा’ कशी आहे तेवढंच विचारायचं: खूप कमी, कमी, तेवढीच, जास्त, खूप जास्त. एक ते पाच आकडे. पण प्रश्न मात्र आपल्या घराला बसतील असे हवेत. त्या प्रश्नावलीत एक प्रश्न आहे, मूल रात्री झोपायला जाताना कुरकुर करतं का. ज्या घरात मुलाची खोली वेगळी आणि झोपायची वेळ ठरलेली, तिथं त्याला अर्थ आहे. आपल्याकडे आई, बाबा, आजी आणि मूल एकाच ओळीत अंथरूण टाकतात. तिथं विचारायचं ते असं: रात्री तुम्ही पाणी भरायला उठलात तर तो जागा होतो का? झोपेत तुमचा पदर किंवा हात मुठीत धरून ठेवतो का? शेजारच्या मागाची खटखट चालू असताना झोपणारं पोर आता ताटली पडली तरी उठतं का? दिवसाचं विचारायचं ते: तुम्ही नजरेआड झालात की रडायला किती वेळात सुरुवात करतो, आणि परत आलात की किती वेळात शांत होतो. या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. बरं होणारं मूल पुष्कळदा रडतं तेवढंच, पण शांत लवकर होतं. आईला ते दिसत नाही, कारण तिच्या कानात रडणंच राहतं. मग खाणं, आजीवर हात उचलणं, ‘दवाखाना’ शब्द निघाल्यावर काय करतो, अनोळखी माणूस घरी आल्यावर काय करतो, एकटा खेळण्यात किती रमतो, हाक मारल्यावर पहिल्यासारखी ओ देतो का. दहा-बारा प्रश्न पुरेत. संशोधकांनीही पुढं घरी लवकर सोडलेल्या मुलांसाठी या २७ प्रश्नांचे ११ केलेच.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट वाचा. आकड्यांची बेरीज करून सरासरी काढू नका. समजा पाच गोष्टी बिघडल्या आणि पाच सुधारल्या. सरासरी येते ‘तेवढंच’, म्हणजे काही बदलच नाही. या प्रश्नावलीबद्दलची जुनी तक्रार हीच आहे: चांगलं आणि वाईट एकमेकांना खाऊन टाकतं. आणि तुमच्या मुलात दोन्ही होणार आहे. अ‍ॅडिनॉइड गेल्यावर नाकानं श्वास सुरू झालाय, घोरणं थांबलंय. रात्री दचकून उठत असला तरी सलग झोपलेली झोप आधीपेक्षा खोल असेल. सकाळी उठताना चिडचिड कमी आहे का? दुपारी पेंगणं कमी झालंय का? शाळेतल्या बाई काय म्हणतात? हे सगळं लिहा, आणि प्रत्येक रविवारी दोन आकडे काढा: किती गोष्टी आधीपेक्षा वाईट, किती आधीपेक्षा बऱ्या. मला वाटतं तुम्ही तीन आठवडे फक्त पहिलाच आकडा मोजताय.

दुसरं असं की तुमच्या एकटीच्या डोळ्यांवर विसंबू नका. आई स्वतः घाबरलेली असेल तर तिला मुलाची भीती जास्त दिसते. यात आईचा दोष काढण्यासारखं काही नाही, पण मापात ते उतरतं. म्हणून त्याच प्रश्नांना सासूबाईंची उत्तरं वेगळी घ्या. त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं, मध्ये बोलायचं नाही. दोघींचे आकडे जुळले नाहीत तर वाद घालू नका, तो फरकच कामाचा असतो. तुमच्यापुढं रडणारा पोरगा आजीजवळ तासभर निवांत खेळत असेल, तर भीती सगळीकडे पसरलेली नाही, ती तुम्ही दूर जाण्यापुरती आहे. मिस्टरांनाही बसवा. ‘पहिल्यापासून असाच आहे’ म्हणणाऱ्या माणसाला सातपैकी किती रात्री, असं विचारलं की तो थोडा थांबून विचार करतो. आणि हे सगळं मुलाच्या कानावर पडता कामा नये. आपण कसे बिघडलोय याची घरात बैठक बसते, हे साडेचार वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं.

आइस्क्रीमचं. तुम्ही ते शेवटी लिहिलंत. मी त्याला या सगळ्यात पहिला नंबर देते. तुम्ही काही वेगळं केलं नाही, निम्मं सोलापूर मुलाला असंच नेतं, ते रडू नये म्हणून. पण त्याच्या बाजूनं बघा. आई म्हणाली आइस्क्रीम, आणि निघाली सुई, मास्क, अनोळखी माणसं, आणि जाग आली तेव्हा घसा फाटलेला. आता तुम्ही ‘संडासला जाऊन येते’ म्हणालात तरी त्या शब्दावर तो कसा विसंबेल? दाराबाहेर उभा राहून तो तुमच्यावर पहारा करतोय. हे दुरुस्त होतं. एखाद्या दुपारी, तो खेळत असताना, साध्या आवाजात सांगा: ‘त्या दिवशी आम्ही तुला आइस्क्रीम म्हणालो आणि दवाखान्यात नेलं. ते आमचं चुकलं. आता कुठं जायचं ते तुला खरं सांगूनच जाईन.’ तो काही बोलणार नाही कदाचित. हरकत नाही. त्यानंतर पंधरा दिवस तो शब्द अक्षरशः पाळा. भाजीला जाताना त्याचा डोळा चुकवून सटकू नका, रडला तरी चालेल, सांगून जा आणि म्हणाल तेवढ्या वेळात या. पुढच्या तपासणीला न्यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा: डॉक्टर तोंड उघडून घसा बघतील. सुई नाही हे तुम्हाला नक्की माहीत असेल तरच ‘सुई नाही’ म्हणा. आणि घरात कुणीही ‘नाही जेवलास तर डॉक्टरला बोलावीन’ हे वाक्य उच्चारायचं नाही. हे जाऊबाईंनाही सांगा.

सुई नसलेली एक सिरिंज, कानाला लावायला दोरी, आणि मास्कसाठी प्लास्टिकची वाटी एवढं त्याच्या खेळण्यांत ठेवून द्या. डॉक्टर तो होईल. बाबांना झोपवेल, वाटी तोंडावर दाबेल, जरा जोरातच दाबेल. दाबू द्या. हसू नका, चुकीचं करतोयस म्हणून शिकवू नका. मुलं तोच खेळ दहा-दहा वेळा खेळतात, आणि एक दिवस वाटी बाजूला टाकून बॉल मागतात.

भाकरीचं निराळं बघावं लागेल. टॉन्सिलची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते, त्यामुळे आता गिळताना दुखायला नको. तो तोंड फिरवतो ते दुखण्यामुळे की दुखेल या भीतीमुळे, हे डॉक्टरांनी एकदा घसा बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही, तर दाखवून घ्या. घसा बरा असेल तर मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून सुरू करा, त्याच्या हातानं खाऊ द्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तो मागेल तेव्हा. खाण्यावरून ताटापाशी लढाई झाली की रविवारच्या वहीत खाण्याचाही आकडा वाढतो आणि रागाचाही.

गादी ओली होण्याबद्दल कुणाकडेही, विशेषतः त्याच्यासमोर, बोलू नका. पाच वर्षांपर्यंत रात्री असं होणं हा आजार धरत नाहीत. दिवसाही लघवीला जळजळ होत असेल, सारखी तहान लागत असेल तर मात्र लघवी तपासा. आजीला मारलं की हात धरायचा, ‘मारायचं नाही’ एवढंच म्हणायचं, उलट मारायचं नाही. तो ज्यांच्यावर हात उचलतो त्या माणसावर त्याचा भरवसा आहे, हे सासूबाईंना सांगा, त्यांचं मन दुखावलं असेल. त्यांना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, अंगारा लावू द्या. फक्त मिरच्या जाळू नका, तो धूर ताज्या घशाला सोसत नाही.

काही गोष्टींसाठी रविवारची वाट बघायची नाही. तोंडातून किंवा नाकातून रक्त आलं, पाणीही गिळेना, ताप आला, झटका आला, येत असलेले शब्द बोलेनासा झाला, चालताना तोल जाऊ लागला, किंवा दिवसचे दिवस हसत-खेळत नाही, नुसता पडून राहतो, तर त्याच दिवशी दवाखान्यात. बाकीच्यासाठी चार रविवार मोजा. तोपर्यंत ऑपरेशनला सात आठवडे होतील. ‘वाईट’चा आकडा आठवड्यागणिक खाली येत असेल, मध्ये एखादा आठवडा वर गेला तरी, तर चाललंय ते ठीक. चारही वेळा तिथंच असेल, किंवा एकाच गोष्टीपायी शाळा बंद पडली असेल, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि ते म्हणाले तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात. ‘तो बदललाय’ म्हणून सांगितलं तर डॉक्टर धीर देऊन पाठवतील. ‘सातपैकी पाच रात्री उठतो, आधी एक रात्र उठायचा’ म्हणून सांगितलं तर ते पेन हातात घेतील. तुम्हाला स्वतःला रात्री फार जड वाटलं तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलासाठीच नाही, तुमच्यासाठीही.

गड्ड्याला न्या, पण गर्दीच्या रात्री नको. एखाद्या दुपारी होम मैदानावर माणसं कमी असताना जा. कुठं जातोय, काय काय बघायचं, किती वेळ थांबायचं, हे घरीच सांगा. आवाज झाला तर कान झाकायचे की घरी परतायचं, हे त्याला ठरवू द्या, आणि तो घरी म्हणाला तर पाळण्यात न बसताही लगेच परता. मैदानात आइस्क्रीमची गाडी लागेल. त्यानं मागितलं आणि डॉक्टरांची मनाई नसेल, तर आधी सांगून घ्या की आज खरोखर आइस्क्रीमच खायचंय, आणि मग शेजारी बसून ते संपेपर्यंत थांबा.